अकरा हजार नऊशे सहा रेघा

बंदुकीच्या गोळीनं विमान फुटत नाही. हे एक वाक्य विशाखा नंदनवार सात वर्षं सांगत होती आणि सात वर्षं कुणी ते मनावर घेत नव्हतं. शेजारणी मान डोलवून विषय बदलायच्या. वकील ऐकता ऐकता घड्याळ बघायचे. आणि ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, तो तिचा नवरा प्रफुल्ल, त्याची तर ऐकून घ्यायचीच तयारी नव्हती. "तू माझी बायको आहे म्हणून असं बोलून राहिली," म्हणायचा, आणि चपला पायात सरकवून बाहेर निघून जायचा. असाच एकदा गेला तो थेट चिखलदऱ्याला गेला आणि तिकडेच राहिला.

भांडण नाही, तंटा नाही, मध्ये कुणी तिसरं माणूस नाही. लोकांना हे पटायचं नाही, पण खरं तेच होतं. प्रफुल्ल तिकडे एका कॉफीच्या मळ्यावर देखरेखीचं काम करायचा, दर रविवारी सकाळी फोन करायचा आणि चार मिनिटं बोलायचा. पाण्याची मोटार नीट चालते का, गच्ची गळते का, तुझी पाठ कशी आहे. ती चार मिनिटं विशाखा मोबाइल कानाला इतका दाबून धरायची की कान लाल व्हायचा. सत्तेचाळीस वर्षांची बाई, बुटीबोरीला विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये चाळीस माणसांवर हुकूम चालवणारी; पण रविवारी फोन ठेवला की सोमवार दुपारपर्यंत तिचं कशात लक्ष लागायचं नाही. तिला तो घरात हवा होता. सकाळी तोंड धुताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा खाकरणारा, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरणारा, जसा होता तसाच हवा होता. सात वर्षं संसार झाला होता आणि आता वाट बघण्यालाही सात वर्षं होत आली होती.

झालं होतं ते असं. २०३४च्या ऑगस्टमध्ये प्रफुल्ल नागपूरहून कोचीला निघालेल्या विमानात साध्या कपड्यातला सुरक्षारक्षक म्हणून बसला होता. त्याची नोकरीच ती. विमान अकरा किलोमीटर उंचीवर असताना एका माथेफिरूनं हवाईसुंदरीच्या गळ्याला काचेचा तुकडा लावला आणि तिला मागून पुढे, वैमानिकांच्या दाराकडे ओढत आणू लागला. प्रफुल्ल उठला आणि त्यानं दोन गोळ्या झाडल्या. पहिली त्या माणसाच्या खांद्यात बसली आणि तो आडवा झाला. दुसरी चुकली आणि बाविसाव्या रांगेवर विमानाच्या भिंतीतून आरपार गेली. शिट्टी वाजावी तसा आवाज सुरू झाला. वैमानिकांनी नियमाप्रमाणे विमान झपाट्यानं खाली घेतलं. त्या उतरणीला मिनिटही झालं नसेल, गोळीच्या भोकापासून तीन रांगा मागे छताचा पत्रा चांगला पुरुषभर लांब फाटला. तिथे ललिता गावंडे नावाच्या बाई बसल्या होत्या, यवतमाळला नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या. शेजारच्या म्हातारीला पट्टा बांधता येईना म्हणून त्या उठल्या होत्या. त्या गेल्या. बाकीची एकशे एकसष्ट माणसं हैदराबादला सुखरूप उतरली.

चौकशी समिती म्हणाली, गोळीच्या भोकानं पत्रा कमकुवत झाला आणि फाटला. सगळ्यांना ते लगेच पटलं, कारण सगळ्यांनी सिनेमे पाहिलेले. प्रफुल्लला शिक्षा झाली नाही, उलट शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पण त्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट जाऊन बसली, की आपण झाडलेल्या गोळीनं एक बाई आभाळात फेकली गेली. त्यानं नोकरी सोडली. मग झोप सुटली. मग माणसांत बसणं सुटलं. शेवटी घर सुटलं.

आता विशाखाचं म्हणणं काय होतं ते नीट ऐका, कारण बाई हट्टी असली तरी बोलत होती ते शंभर टक्के खरं होतं. अकरा किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की माणूस मिनिटाभरात शुद्ध हरपेल. म्हणून विमानात सतत दाबलेली हवा भरत राहतात. भरायची तेवढी सोडावीही लागते, त्यासाठी शेपटीकडे एक झडप असते, कमीजास्त उघडणारी. म्हणजे प्रत्येक विमानाला कारखान्यातून निघतानाच भोक असतं, तेही चांगलं वहीच्या पानाएवढं. त्यात बोट जाईल एवढं आणखी एक पडलं तर झडप तेवढी मिटून घेते आणि आतला दाब होता तसा राहतो. शिट्टी वाजते, कानात दडे बसतात, शेजारचा माणूस देवाचं नाव घ्यायला लागतो. बोटभर भोकातून माणूस काही खेचला जात नाही.

मग विमान फाटतं कशानं? आतली हवा पत्र्याला बाहेर ढकलत असते, एका चौरस मीटरला पाच टनांच्या वर. धड पत्र्याला त्याचं काही वाटत नाही. पण विमान दर उड्डाणात किंचित फुगतं आणि उतरलं की आवळतं. पत्र्यात कुठे आधीच चीर असेल तर दर फुगण्याला ती पुढे सरकते, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अशी हजारो उड्डाणं झाली की एक दिवस उरलेला पत्रा भार सोसत नाही, आणि मग तो कापडासारखा टर्रकन फाटतो. विशाखा म्हणायची, मला तो फाटलेला पत्रा दाखवा, म्हणजे फाटायला कुठून सुरुवात झाली ते मी सांगते. पण पत्रा दिल्लीला सीलबंद पडलेला. एका बायकोच्या शब्दावर सील कोण तोडतं?

ते तोडलं गेलं ते डॉक्टर ऋता उमरेडकरच्या यंत्रामुळे. ऋता मूळची उमरेडची, वय जेमतेम चौतीस, आणि तिनं २०३९मध्ये असं एक यंत्र उभं केलं की विमानाच्या धंद्यात खळबळ उडाली. धातूतली चीर दर उड्डाणाला थांबत थांबत पुढे जाते, त्यामुळे तिच्या कडेवर दर उड्डाणाची एक रेघ उमटते. हे जुन्या लोकांनाही माहीत होतं, पण रेघा इतक्या बारीक आणि पुसट की सलग मोजणं कुणाला जमलेलं नव्हतं. ऋताच्या यंत्रानं ते जमवलं. शेवटच्या रेघेपासून मागे मोजत गेलं आणि विमानाची उड्डाणांची नोंद शेजारी ठेवली की चीर कोणत्या दिवशी सुरू झाली ते तारखेनिशी कळायचं. कागदोपत्री त्याचं नाव रेघवाचक. हँगरमधली पोरं त्याला तलाठी म्हणायची, कारण ते विमानाचा सातबारा काढून हातात द्यायचं.

सातबारा निघायला लागल्यावर जे होतं तेच झालं. कायदा आला, की दहा वर्षांवरचं प्रत्येक विमान तलाठ्यापुढे जाईल. कुठे ओरखडा सापडला की त्या दिवशी तिथे कुणाचा हात होता ते शोधायचं. कामठीच्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना वीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारबद्दल नोटीस आली. त्यांना काल काय जेवलो तेही आठवत नव्हतं. जुन्या पत्र्याला हात लावायला कुणी तयार होईना. चांगली कसलेली माणसं हँगर सोडून वॉशिंग मशीन दुरुस्त करायला लागली.

विशाखा मात्र तलाठ्याच्या बाजूनं. कँटीनमध्ये एकदा वाद पेटला तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, ज्यानं चोख काम केलंय त्यानं कशाला भ्यायचं? समोरच्यांनी माना खाली घातल्या. तिनं तेव्हापासून अर्जावर अर्ज केले, दिल्लीच्या खेपा घातल्या, अडीच वर्षं पिच्छा पुरवला, आणि २०४२च्या जानेवारीत तो सीलबंद पत्रा नागपूरला ऋताच्या प्रयोगशाळेत येऊन दाखल झाला.

गुरुवारी सकाळी विशाखा तिथे पोचली तेव्हा पत्रा टेबलावर आडवा होता आणि तलाठ्याचा हात त्याच्यावरून मुंगीच्या चालीनं फिरत होता. ऋतानं तिला आधी गोळीचं भोक दाखवलं. पडद्यावर ते परातीएवढं दिसत होतं. गोल, कडेला एकही चीर नाही. फाटलेली रेषा त्याच्यापर्यंत आलेलीच नव्हती.

"तुमचं बरोबर होतं, विशाखाताई," ऋता म्हणाली. "ह्या भोकानं कुणाला काही झालेलं नाही."

विशाखा स्टुलावर बसली आणि रडली. चांगली हुंदके देऊन रडली. ऋता पाण्याचा ग्लास धरून नुसती उभी राहिली. रडता रडताच विशाखाच्या डोक्यात घर लावणं सुरू झालं होतं. मागच्या खोलीतली पेटी हलवायची, त्याची बाजू मोकळी करायची, परतवाड्याच्या गाडीचं वेळापत्रक बघायचं. रविवारपर्यंत थांबायचं नाही, आजच फोन करायचा. ती डोळे पुसून उठलीसुद्धा. तेवढ्यात ऋता म्हणाली की थांबा, पुढचंही ऐकून घ्या.

पुढचं असं होतं. पत्र्याचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर चढवून रिव्हेटनी जोडतात त्या सांध्यावर वीतभर नव्हे, चांगला हातभर सरळ ओरखडा होता. अगदी बारीक, नख लावलं तरी कळणार नाही असा. चीर तिथून निघाली होती. शेवटच्या उड्डाणाला पत्रा एवढा कमी उरला होता की फार तर आठवडाभर टिकला असता. त्या दिवशी वैमानिकांनी भोकाच्या भीतीनं विमान घाईनं खाली घेतलं, त्या हिसक्यानं उरलासुरला पत्रा गेला. धड पत्र्यानं तो हिसका हसत सोसला असता. तलाठ्यानं मोजलेल्या रेघा होत्या अकरा हजार नऊशे सहा. नोंदीत तेवढी उड्डाणं मागे गेलं की तारीख येत होती १६ डिसेंबर २०२७. त्या दिवशी ते विमान बुटीबोरीला होतं, विशाखाच्याच हँगरमध्ये. सांध्यातला जुना रबरासारखा लेप खरवडून नवा भरण्याचं काम. नोंदवहीत लिहिलं होतं, 'खापरे व पथक'.

ऋतानं विचारलं, की हे खापरे आता कुठे असतात? वारले, विशाखा म्हणाली, चार वर्षं झाली. मागे कुणी नाही, लग्नच केलं नव्हतं. ऋतानं सुस्कारा सोडला. म्हणाली, मग प्रकरण तिथेच मिटेल, त्यांच्या नावावर नोंद होईल, कुणाला त्रास नाही. फक्त त्या वेळच्या एखाद्या सहकाऱ्याची जबानी लागेल, मंगळवारी अकरा वाजता.

"तुम्ही द्याल ना? तेव्हा तुम्ही त्यांच्या हाताखालीच होता," ती म्हणाली.

विशाखा देते म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

कारण तो सांधा खापऱ्यांनी केला नव्हता. लेप खरवडायला प्लास्टिकची पट्टी वापरायची, पोलाद पत्र्याला लावायचं नाही, हा नियम कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी शिकवतात. पण डिसेंबरच्या थंडीत लेप दगडासारखा होतो आणि प्लास्टिकच्या पट्ट्या एकामागून एक तुटतात. म्हणून त्या हँगरची एक रीत होती, कुठे लिहिलेली नाही पण सगळ्यांना ठाऊक. नव्या माणसानं वर्ष नीट काढलं की वस्ताद त्याला हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, तुटक्या पात्याची एक सुरी घासून द्यायचा, मुठीला सुती दोरा गुंडाळलेली. ती मिळणं म्हणजे आपल्यातलं होणं. हँगरमध्ये पहिल्यांदा एका बाईला ती मिळाली तेव्हा खापऱ्यांनी सगळ्यांना चहा पाजला होता. हात हलका ठेवायचा, एवढंच त्यांनी बजावलं होतं. आणि विशाखाचा हात हलकाच होता. तिला त्याचा तोरा होता.

त्या दिवशी खापऱ्यांना ताप होता. ते हीटरजवळ बसून राहिले आणि सांधा तिनं एकटीनं केला. दिवस विसरणं शक्यच नव्हतं. लग्नाला आठ दिवस होते. प्रफुल्ल सुट्टीवर आला होता, दोघांना सीताबर्डीला कपड्याला जायचं होतं, आणि तो चार वाजल्यापासून फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून हॉर्न वाजवत होता. खापरे हसून म्हणाले होते, आवर लवकर, नाहीतर पोरगा फाटक तोडेल. शेवटचा हातभर सांधा तिनं भरभर ओढला. मग मागे बसून, त्याच्या जॅकेटच्या खिशात हात घालून, ती शहरात गेली. गेली सात वर्षं झोप आली नाही की विशाखा हाच दिवस काढून बसायची. त्याच्यासारखा दुसरा दिवस तिच्याकडे नव्हता.

घरी आली आणि तिनं फोन केला नाही. शुक्रवारी कामावर गेली, कुणाशी बोलली नाही. मनात एकच गोष्ट उलटसुलट होत होती. खापरे गेले. त्यांना आता काय फरक पडतो? जिवंत असते तर त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं असतं, म्हणाले असते, पोरी, तू जा, मी बघतो. जबानी द्यायची, अहवाल घ्यायचा, प्रफुल्लपुढे टाकायचा, आणि त्याला घरी आणायचं. यात खोटं एवढंसं आणि मिळणार काय, तर सगळं. आणि खरं सांगितलं तर? सात वर्षं ज्यानं स्वतःला जाळलं तो माणूस ज्या बाईमुळे जळला तिच्याशेजारी येऊन झोपेल? ती बाईच त्याला समजावत होती, तुझी काही चूक नाही रे, आणि चूक तिच्याच हातची होती.

शनिवारी पहाटे ती गाडी काढून निघाली. काय बोलायचं ते परतवाड्यापर्यंत ठरलं नव्हतं. घाट चढताना तिला एवढंच कळलं, की खापऱ्यांचं नाव घेऊन प्रफुल्लला घरी आणलं तर रोज सकाळी त्याला चहा देताना आपल्याला त्याच्या तोंडाकडे बघता येणार नाही. मग तो घरात असून काय उपयोग? तिला हवा होता तो बघायलाच तर हवा होता.

कॉफीची तोडणी चालू होती. प्रफुल्ल खोलीपुढच्या ओट्यावर लाल फळं पसरत होता. केस सगळे पांढरे झाले होते. फोनवर हे कळत नाही. तिला बघून तो उभा राहिला.

"तू काहून आली? बरं आहे ना सगळं?"

बरं आहे, ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच तिनं पत्रा आल्याचं सांगितलं. गोळीच्या भोकाचे फोटो त्याच्या हातात दिले. त्यानं ते बराच वेळ पाहिले, मग ओट्यावर बसला आणि पुन्हा पाहिले. ती समजावून सांगत होती, हे भोक, ही कड, ही फाटलेली रेषा, बघ किती लांब आहे.

"म्हणजे माझ्या गोळीनं ती बाई…"

"नाही गेली. तुझ्या गोळीनं एकशे एकसष्ट माणसं वाचली, प्रफुल्ल. हेच खरं आहे. यंत्रानं वाचलंय, मी म्हणते म्हणून नाही."

त्यानं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. इथे थांबावं, असं विशाखाला फार वाटलं. आत्ता त्याच्या पाठीवर हात ठेवला असता तर तो गाडीत येऊन बसला असता, तिला पक्कं ठाऊक होतं. सात वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता.

"सांध्यावर ओरखडा होता," ती म्हणाली. "पोलादी पात्याचा. तो मी केला."

मग तिनं सगळं सांगितलं. खापऱ्यांचा ताप, सुरी, तारीख. जबानीत त्यांचं नाव घेतलं तर कुणाला कळणार नाही, हेही सांगितलं, आणि ते आपण घेणार नाही हेही. फक्त फाटकाबाहेरच्या हॉर्नबद्दल ती बोलली नाही. पण तारीख ऐकून त्यानं मान वर केली.

"सोळा डिसेंबर म्हणजे कपडे घ्यायला गेलो तो दिवस. मी बाहेर हॉर्न वाजवून राहिलो होतो."

"हॉर्न तू वाजवला. पातं मी चालवलं," विशाखा म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "सात वर्षांनी एक ओझं उतरलंय तुझं, तर लगेच दुसरं शोधू नको. हे माझं आहे."

प्रफुल्ल उठला आणि खालच्या मळ्यात निघून गेला. चपला मात्र तिथेच राहिल्या, अनवाणीच गेला.

विशाखा ओट्यावर बसून राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. तोडणीच्या बाया फळांच्या टोपल्या आणून ओतून गेल्या, एकीनं कोण, कुठून आल्या विचारलं, आणि बायको म्हटल्यावर खुदकन हसून गेली. ललिता गावंडेंचा वर्तमानपत्रातला फोटो विशाखाच्या डोळ्यांपुढे येत होता, चष्मा लावलेला. सात वर्षं ती त्या फोटोकडे परक्याचं दुःख म्हणून बघत होती, आणि आता त्या बाई तिच्याकडे बघत होत्या. प्रफुल्ल परत येणार नाही असं तिनं धरून चाललं होतं, आणि त्याला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. दोन वाजता ती उठली आणि गाडीची किल्ली शोधायला लागली. पर्समध्ये हात फिरत होता आणि किल्ली हाताला लागत नव्हती.

"अशी गाडी चालवणार का तू घाटात?"

तो केव्हा आला ते तिला कळलं नव्हतं. त्यानं पर्स तिच्या हातातून घेतली, बाजूला ठेवली आणि तिला आत नेऊन ज्वारीची भाकरी नि पिठलं वाढलं. तिला घास उतरेना. खा, तो म्हणाला, भूक लागणार नाही पण खायचं, वेळ झाली की खायचं. तो हे असं बोलत होता की जणू कामावरच्या नव्या माणसाला काम समजावतोय.

मग तो सांगत गेला. इतकी वर्षं तो ज्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता ते सगळं सांगत गेला. झोप लागेल, पण तीनला जाग येईल. तेव्हा पडून राहायचं नाही, उठून काहीतरी हातानं करायचं. त्या बाईंचा फोटो फेकायचा नाही, फेकला तर जास्त दिसतो. कुणी तुझी चूक नव्हती म्हणालं तर चिडायचं नाही, त्यांना दुसरं काही सुचत नसतं. तो दोनदा यवतमाळपर्यंत गेला होता, गावंड्यांच्या दारातून मागे फिरला होता. हे विशाखाला ठाऊकच नव्हतं.

"पहिलं वर्ष फार वाईट जातं," तो म्हणाला. "ते एकट्यानं काढू नये. मी काढलं, म्हणून सांगतो."

"मी होते की तुझ्याजवळ."

"होती. पण तुला माहीत नव्हतं कसं असतं ते." त्यानं ताट तिच्याकडे सरकवलं. "मला माहीत आहे."

विशाखानं ताटाकडे बघत विचारलं, की राग नाही का आला? आला, तो म्हणाला. खाली झाडाशी उभा राहून खूप आला, आणि पुढेही येईल, त्यात खोटं कशाला बोलू. तो कुठे ठेवायचा ते बघू नंतर. मग त्यानं विचारलं, जबानी कधी आहे?

"मंगळवारी. अकरा वाजता."

"मी येतो."

सात वर्षं दर रविवारी ती हेच दोन शब्द ऐकायला जीव टाकत होती. ते आले ते असे आले. तिनं मान हलवली आणि पुढ्यातली भाकरी मोडून घास तोंडात घातला, कारण त्यानं खा म्हटलं होतं.